पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा रंग धरतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरच्यांबरोबर मालवणला स्कूबा केलंत. पाण्याखाली काही प्रवाळं पांढरीफटक दिसली. एक मोठं गोल प्रवाळ वरून पांढरं आणि खालून तपकिरी होतं. बोटीवरचा मुलगा म्हणाला, "मेली ती." घरी आल्यावर भावाने सांगितलं, काळजी नको, रंग आपोआप परत येतो. आता सोसायटीच्या ग्रुपवर 'प्रवाळ दत्तक घ्या' असं आवाहन फिरतंय: पैसे भरा, समुद्रात एक प्रवाळ लावू, त्यावर मुलीच्या नावाचा बिल्ला. द्यावे का? आणि सातवीतल्या मुलीचा वेगळाच प्रश्न, की खारफुटी लावतात तशी ठाण्याच्या खाडीत प्रवाळं का लावत नाहीत?

मी ऐरोलीत राहतो. कोकण किनाऱ्यावर आणि लक्षद्वीपमध्ये पाण्याखाली उतरून प्रवाळांची पाहणी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पांढरं प्रवाळ बहुतेक वेळा जिवंत असतं, निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी. ती एक वसाहत जगेल का, हे पाणी किती लवकर निवतं यावर ठरतं. पण सबंध खडक, म्हणजे शेजारीशेजारी वाढलेल्या प्रवाळांची अख्खी वस्ती, सावरेल का असं विचाराल, तर ते पुढची उष्णतेची लाट किती वर्षांनी येते यावर ठरतं. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे आणि दत्तकाच्या पैशांचा निर्णयही त्यातूनच निघतो.

आधी पांढरं का पडतं ते पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे. एका वसाहतीत पॉलिप नावाचे काही मिलिमीटरचे हजारो जीव शेजारीशेजारी बसलेले असतात आणि सगळे मिळून खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. उथळ पाण्यातल्या प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी येते. आपल्याला दिसणारा तपकिरी, शेवाळी, पिवळट रंगही मुख्यतः या शैवालाचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून जास्त तापलं आणि त्यात कडक ऊन असलं की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं आणि ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन पेशींना इजा करू लागतात. मग प्रवाळ या शैवालाला बाहेर काढतं. मागे उरतं पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात. या अवस्थेतलं प्रवाळ उपाशी असतं. साठवलेली चरबी खातं, रात्री स्पर्शक पसरून जमेल तेवढं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पकडतं आणि कसेबसे दिवस काढतं. पाणी वेळेत निवलं तर उरलेलं थोडं शैवाल आत पुन्हा वाढतं आणि काही आठवड्यांत ते महिन्यांत रंग परत येतो. नाही निवलं, तर ते उपासमारीने किंवा अशक्तपणात लागलेल्या रोगाने मरतं.

आता जिवंत पांढरं आणि मेलेलं पांढरं यातला फरक. हे पुस्तकांतल्या चित्रांवरून कळत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं. हात पाठीमागे बांधा, पायातले फिन वर ठेवा आणि चेहरा फूटभर अंतरावर न्या. जिवंत असेल तर पांढऱ्या पृष्ठभागावर ओलसर, काचेसारखी झाक दिसते. पॉलिपच्या वाट्यांच्या कडा मऊ, गोलसर वाटतात, कारण त्यांच्यावर मांस आहे. नीट पाहिलं तर वाटीच्या मध्यात आत ओढून घेतलेले स्पर्शकही दिसतात. नुकतंच मेलेलं असेल तर त्याच कडा धारदार, कोरड्या, खडूच्या वाटतात आणि वाटी रिकामी असते. पण ही अवस्था फार टिकत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शैवालाची लव चढते, मग तिच्यात गाळ अडकतो, आणि महिना-दोन महिन्यांत सगळं मळकट दिसू लागतं.

त्यामुळे गंमत अशी होते की अगदी स्वच्छ, डोळ्यांत भरणारं पांढरं प्रवाळ बहुधा जिवंत असतं आणि पर्यटक ज्याच्यासमोर 'हे ठीक दिसतंय' म्हणून फोटो काढतात ते शेजारचं तपकिरी प्रवाळ कधीच गेलेलं असतं. ब्लीचिंगनंतर दोन-तीन महिन्यांनी 'रंग परत आला' अशा बातम्या येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: हा रंग मांसाच्या आतला आहे की सांगाड्यावर बसलेल्या शेवाळाचा? बोटीतून किंवा ड्रोनमधून दोन्ही सारखंच दिसतं.

तुमच्या गोल प्रवाळाचं वर्णन मला बोलकं वाटलं. वरून पांढरं आणि बगलेला, सावलीत तपकिरी, याचा अर्थ ऊन आणि उष्णता दोन्ही मिळून झालेलं ब्लीचिंग. सूर्याकडची बाजू आधी जाते. रोग असता तर जिवंत आणि मेलेल्या भागामध्ये ठळक पट्टा दिसला असता. बोटीचा नांगर घासला असता तर एकाच बाजूला तुटलेला ओरखडा आणि खाली वाळूत तुकडे पडलेले दिसले असते. मालवणमध्ये हेही पांढरे डाग मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांचा तापमानाशी काही संबंध नसतो. अशा गोल, भरीव प्रवाळांची जमेची बाजू म्हणजे वरचा भाग मेला तरी बगलेचं जिवंत मांस हळूहळू वर सरकून उघडा सांगाडा पुन्हा झाकू शकतं. फक्त वेग बघा: पोराइट्ससारखं भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. टोपल्याएवढ्या दिसणाऱ्या प्रवाळाचं वय तुमच्या मुलीच्या वयाहून बरंच जास्त असतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही प्रवाळं ब्लीच होताना पांढरी न पडता भडक निळी, जांभळी, गुलाबी दिसू लागतात. शैवाल गेल्यावर आत शिरणारा जादा प्रकाश अडवायला ती स्वतःची चमकणारी रंगद्रव्यं वाढवतात. फोटोला फार सुंदर दिसतात, पण तीही संकटात असतात.

किती तापलं म्हणजे जास्त, याचा हिशेब सोपा आहे आणि तो समजला की बातम्या वाचायला उपयोग होतो. प्रत्येक ठिकाणचं प्रवाळ तिथल्या उन्हाळ्याला सरावलेलं असतं. इराणच्या आखातातली प्रवाळं ३४-३५ अंशांच्या उन्हाळ्यात तग धरतात. तेच पाणी लक्षद्वीपमध्ये झालं तर काही शिल्लक राहणार नाही. म्हणून त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याची सरासरी घेतात आणि पाणी तिच्यावर एक अंश किंवा अधिक गेलं की मोजणी सुरू करतात. माणसाच्या तापासारखंच आहे, किती चढला आणि किती दिवस राहिला, दोन्ही बघावं लागतं. समजा तुमच्या जागेची सरासरी ३० अंश आहे. पाणी चार आठवडे ३१ वर राहिलं तर हिशेब झाला ४ 'डिग्री हीटिंग वीक'. चार आठवडे ३२ वर राहिलं तर ८. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज धरतात. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अनुभवाप्रमाणे ४ ला ठळक ब्लीचिंग सुरू होतं आणि ८ च्या पुढे प्रवाळं मरायला लागतात. पूर्वी त्यांच्या इशाऱ्याची पट्टी इथेच संपायची. २०२३ च्या उष्णतेत आकडे इतके वर गेले की त्यांना वरच्या बाजूला आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या. सर्वांत वरची पायरी २० पासून सुरू होते. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाच्या तापमानावरून असेच इशारे देते: अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचं आखात आणि मन्नारचं आखात यांच्यासाठी.

जगभर एकाच वेळी पसरलेलं ब्लीचिंग आजवर चारदा नोंदलं गेलंय: १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासूनचं चौथं, जे एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. पहिल्या वेळी जगातल्या साधारण २१ टक्के प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता लागली होती. दुसऱ्या वेळी ३७ टक्के, तिसऱ्या वेळी ६८ टक्के. चौथ्या वेळी मार्च २०२५ पर्यंत ८४ टक्के. यातला प्रत्येक खडक मेला असा याचा अर्थ नाही, तेवढ्या भागाला त्या पातळीची झळ लागली एवढंच. पण मला या चार टक्केवाऱ्यांपेक्षा त्यांच्यामधली अंतरं जास्त सतावतात. प्रवाळ-संशोधक टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १०० जागांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवलं की १९८० च्या सुमारास एका जागी गंभीर ब्लीचिंग साधारण २५ ते ३० वर्षांतून एकदा होत असे, आता ते दर सहा वर्षांनी होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशी रांग लागलीय. या तारखा नुसत्या मोठ्याने वाचल्या तरी पुरे.

म्हणून 'प्रवाळ सावरतं का' या प्रश्नाला 'हो, वेळ मिळाला तर' हे उत्तर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियापासून बऱ्याच दूर, खोल समुद्रात स्कॉट रीफ नावाचा एकाकी खडक आहे. १९९८ मध्ये तिथलं प्रवाळांचं आच्छादन, म्हणजे जिवंत प्रवाळाने झाकलेला भाग, ९ टक्क्यांवर आलं. जवळपास दुसरा मोठा खडक नाही, त्यामुळे बाहेरून प्रवाळांच्या तरंगत्या अळ्या येण्याची आशा नव्हती आणि जाणकारांनीही तो सोडून दिल्यात जमा होता. पण बारा वर्षांत आच्छादन ४४ टक्क्यांवर गेलं. उरलेल्या थोड्या प्रवाळांनी आधी स्वतःला सावरलं, मग पिलावळ वाढवली. मासेमारीचा आणि सांडपाण्याचा त्रास जवळपास नव्हता, हे महत्त्वाचं. २०१६ मध्ये मात्र त्यालाही पुन्हा तडाखा बसला.

हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांची कहाणी मला याहून उपयोगी वाटते, कारण तिथे एकाच आपत्तीनंतर दोन वाटा फुटल्या. १९९८ ला तिथली ९० टक्क्यांहून अधिक प्रवाळं गेली. पुढे संशोधकांनी २१ जागांवर लक्ष ठेवलं: १२ सावरल्या, ९ जागी कायमचं शेवाळ माजलं. फरक कशात होता? जिथे पाणी थोडं खोल होतं, खडकाची रचना कपारी-खाचांची, गुंतागुंतीची होती, शेवाळ चरणारे मासे भरपूर होते, लहान प्रवाळं पुरेशी होती आणि पाण्यात खतासारखी पोषकद्रव्यं कमी होती, त्या जागा परतल्या.

इथे जरा रेंगाळतो, कारण सावरणं म्हणजे नेमकं काय हे फारसं कोणी सांगत नाही. वाचलेल्या प्रवाळाला रंग येणं हा त्यातला छोटा भाग. मेलेल्यांच्या जागी नवीन बसायला हवीत. प्रवाळाची अळी पाण्यात काही दिवस तरंगते आणि टेकायला जागा शोधते. तिला लागतो पक्का, न हलणारा पृष्ठभाग, शक्यतो गुलाबीसर खरपुडीसारखं चुनखडी शैवाल चढलेला. तिथे बसलेलं पिल्लू सुरुवातीला मिलिमीटरभर असतं. त्याच्याभोवती लवेसारखं शेवाळ वाढलं तर ते गुदमरतं. म्हणून पोपटमासा, सर्जनफिश यांच्यासारखे चरणारे मासे हवेत. ते दातांनी खडक खरवडत राहतात आणि पिल्लांना मोकळी जागा मिळते. दुसरा शत्रू म्हणजे सुटे तुकडे. फांद्यांची प्रवाळं मेली की त्यांचा सांगाडा ठिसूळ होतो, एक-दोन पावसाळ्यांच्या लाटांत मोडतो आणि तळाशी काटक्यांचा खच पडतो. प्रत्येक लाटेबरोबर तो खच हलतो, आणि त्यावर बसलेलं पिल्लू उलटंपालटं होऊन मरतं. लांबून तिथे 'खडक' दिसतो, प्रत्यक्षात ती सरकती रेती झालेली असते. आणि मुळात अळ्या येण्यासाठी आईबाप शिल्लक हवेत: २०१६-१७ च्या लागोपाठच्या ब्लीचिंगनंतर ग्रेट बॅरियर रीफवर नव्या पिल्लांची आवक ८९ टक्क्यांनी घटली होती.

लक्षद्वीपमध्ये हेच घडताना दिसलंय. तिथे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं ब्लीचिंग झालं. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या लोकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या खडकांची जवळपास पाव शतक नोंद ठेवली. १९९८ मध्ये ३७ टक्क्यांच्या आसपास असलेलं जिवंत प्रवाळ २०२२ मध्ये १९ टक्क्यांवर होतं. प्रत्येक लाटेत मरणाऱ्यांचं प्रमाण आधीच्यापेक्षा कमी होत गेलं, पण भरपाईचा वेगही मंदावत गेला. नाजूक आधी गेली, उरली ती चिवट, आणि चिवट जातींची वाढ मुळातच संथ असते. ब्लीचिंगशिवाय सलग सहा वर्षं मिळाली की भरपाई चांगली वेग घेते, असं त्या अभ्यासात दिसलं. नंतर ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा पाणी तापलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथे परत व्यापक ब्लीचिंग नोंदवलं. एक गोष्ट लक्षद्वीपच्या बाजूने होती: तिथली परंपरागत मासेमारी बाहेरच्या समुद्रातल्या ट्यूनाची, गळाची. त्यामुळे खडकावरचे चरणारे मासे बरेचसे शाबूत राहिले. ते गेले असते तर चित्र अजून वाईट असतं असं मला वाटतं.

आता तुमचं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. इथली प्रवाळं लक्षद्वीपच्या फांद्याफांद्यांच्या बागांसारखी नाहीत. पोराइट्स, फेविटीस, गोनिअॅस्ट्रिया, टर्बिनेरिया अशी बहुतेक भरीव, बसकी, गाळ सोसणारी मंडळी. कोकणचं पाणी एप्रिल-मेमध्ये वर्षातलं सर्वांत गरम असतं, म्हणजे तुम्ही उतरलात तो काळ सर्वांत कठीण. जूनमध्ये ढग येतात, ऊन कमी होतं, समुद्र घुसळला जातो आणि पाणी निवतं. पाऊस वेळेवर आला तर तुम्ही पाहिलेल्या प्रवाळांपैकी बरीच तग धरून असतील. गढूळ पाण्याचा एक आडून फायदाही असतो, ते ऊन अडवतं. पण तोच गाळ अंगावर बसतो, तो झटकायला प्रवाळाला चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात ऊर्जा खर्च होते, आणि उपाशी प्रवाळाला ती परवडत नाही. त्यामुळे पाऊस तिथे सुटका घेऊन येतो तसाच गोड्या पाण्याचा आणि मातीचा लोंढाही घेऊन येतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं पठार आहे, तिथे गाळ पोचत नाही, पाणी नितळ आहे आणि माथाच साधारण २० मीटर खोल आहे. पण तिथलं जग वेगळं, त्याची तुलना मालवणशी करू नये.

प्रवाळं नव्या तापमानाला सरावतील का? थोडीफार, हो. झूझँथेलीत अनेक प्रकार आहेत आणि ब्लीचिंगनंतर काही प्रवाळांमध्ये उष्णता सोसणारा प्रकार जास्त भरतो. त्याने एक ते दीड अंश जास्त सोसता येतं. मोबदल्यात वाढ मंदावते, कारण हा प्रकार प्रवाळाला साखर कमी देतो. या सरावाचा आणि तापमानवाढीचा वेग जुळत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०१८ मध्येच म्हटलं होतं की दीड अंश तापमानवाढीला उष्ण पाण्यातली ७० ते ९० टक्के प्रवाळं घटतील आणि दोन अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की यातल्या अर्ध्या अंशासाठी भांडणं वेडेपणा नाही.

दत्तकाच्या पैशांकडे येतो. प्रवाळाचे तुकडे जाळीवर, दोरीवर किंवा सिमेंटच्या चौकटीवर वाढवून खडकावर बसवणं हे खरं तंत्र आहे, फसवणूक नव्हे. इंडोनेशियात सुलावेसीजवळ सुरुंगाच्या मासेमारीने भुगा झालेल्या तळावर लोखंडी सांगाडे टाकून त्यावर प्रवाळ बांधलं. चार वर्षांत तिथली वाढ जवळच्या निरोगी खडकाच्या तोडीस आली. का जमलं? कारण नुकसानाचं कारण सुरुंग होतं आणि सुरुंग थांबले होते. आता फ्लोरिडा बघा. तिथे कित्येक वर्षं खपून एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न जातींची रोपं लावली होती. २०२३ च्या जुलैत पाणी असं तापलं की सोम्ब्रेरो रीफवरची प्रवाळं शंभर टक्के मेल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं. काहींनी घाईघाईने तुकडे काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवले. नुकसानाचं कारण जागेवरच होतं, आणि लागवडीत मुख्यतः त्याच दोन नाजूक जाती होत्या.

जगभरातल्या अशा प्रकल्पांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला. लावलेल्यांपैकी सरासरी ६० ते ७० टक्के जगल्याचं दिसतं, जे ऐकायला छान आहे. पण साठ टक्के प्रकल्पांत देखरेख दीड वर्षाहून कमी होती, म्हणजे पुढच्या कडक उन्हाळ्याच्या आधीच वही मिटलेली. आणि बहुतेक प्रकल्पांचा आकार? मध्यक शंभर चौरस मीटर, आपल्याकडच्या एखाद्या तीन बेडरूमच्या फ्लॅटएवढा.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे: बिल्ल्यासाठी पैसे देऊ नका. आवाहन करणाऱ्यांना आधी विचारा की वनविभागाची परवानगी आहे का. भारतात दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. परवानगीशिवाय त्यांना तोडणं, हलवणं तर सोडाच, किनाऱ्यावरून मेलेला तुकडा घरी आणणंही गुन्हा ठरू शकतो. मग विचारा, तुकडे कुठून आणणार: धडधाकट वसाहत मोडून की नांगराने आधीच तुटून पडलेले उचलून? जात कोणती? मागच्या वेळी लावलेली किती मेली, आणि कधीपर्यंत मोजली? मेलेल्यांचा आकडा जो मोकळेपणाने सांगतो त्याच्याशी पुढे बोला. जो फक्त लावल्याच्या दिवसाचे फोटो पाठवतो त्याचा मेसेज पुढे पाठवू नका.

पैसा आणि उत्साह लावायचाच असेल तर कंटाळवाण्या गोष्टींना लावा. नांगर टाकायची गरज पडू नये म्हणून बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या सांडपाण्याची सोय. स्थानिक डायव्हर पोरांना नोंदी ठेवायचं प्रशिक्षण. ही पोरं रोज पाण्यात असतात, त्यांना जे आधी दिसतं ते आम्हाला महिन्याने कळतं. पर्यटक म्हणून तुमच्या हातात असलेल्या गोष्टी त्याहून साध्या: फोटोसाठी प्रवाळावर उभं राहायला सांगणारा किंवा माशांना बिस्किटं चारणारा गाईड असेल तर तिथल्या तिथे नको म्हणा. बिस्किटं खाऊन पोट भरलेला मासा शेवाळ कमी खातो, हे एवढं समजावलं तरी पुष्कळ जण ऐकतात. सनस्क्रीनवर मात्र लोक नको इतकी चर्चा करतात. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला, विषय संपला.

मुलीला नोंदी करायला आवडत असेल तर क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचं रंगपत्रक वापरा. त्यात चार रंगांच्या प्रत्येकी सहा छटा असतात. प्रवाळाशेजारी पत्रक धरून सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भागाची छटा लिहायची, न स्पर्श करता. तीच वसाहत पुन्हा भेटली की पुन्हा लिहायची. दोन छटांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात.

आणि तिचा खाडीचा प्रश्न. ठाण्याच्या खाडीत प्रवाळ लावलं तर पहिल्याच पावसाळ्यात मरेल. खाडीत गाळ इतका की हातभर खाली उजेड पोचत नाही, आणि उजेडाशिवाय झूझँथेली काही करू शकत नाही. जुलैत पाणी जवळजवळ गोडं होतं. तळ चिखलाचा, अळीला टेकायला पक्का दगड नाही. शिवाय आपल्या नाल्यांचं पाणी. नेमक्या याच गोष्टी खारफुटीला चालतात, म्हणून ऐरोली-कोपरीच्या काठाने ती फोफावते, आणि गाळातल्या शैवालावर, किड्यांवर जगणारे रोहित (फ्लेमिंगो) थव्यांनी येतात. एका जागी एक लावायचं आणि दुसऱ्या जागी दुसरं, इतकं सोपं आहे ते.

प्रवाळ बघायला तिला दरवेळी मालवणला न्यायची गरज नाही, हे मात्र ठाणेकरांना माहीत नसतं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्हच्या बाजूला जिवंत दगडी प्रवाळं आहेत. २०२० च्या अखेरीस कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या १८ वसाहती परवानगी घेऊन नेव्ही नगरकडे हलवल्या होत्या. दिसायला अगदी साधी, तळहाताहून लहान, खडकाला चिकटलेल्या तपकिरी-हिरवट पापडीसारखी. पावसाळा संपल्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस बघा; भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोचा, पकड असलेले बूट घाला, किनाऱ्याची माहिती असलेला कोणीतरी बरोबर घ्या आणि पाणी पुन्हा चढायला लागलं की लगेच निघा. खळग्यांतल्या दगडांच्या सावलीच्या बाजूला शोधा, उघड्या माथ्यावर क्वचितच सापडतील.